एस्पोझितो आडनावाच्या मुलाला घराणं नसतं म्हणे!

गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर ‘इटालियन आडनावांचं काळं सत्य’ नावाचा एक फॉरवर्ड फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: एस्पोझितो या आडनावाचा अर्थ ‘अनौरस’. हे आडनाव लावणारा प्रत्येक माणूस अनौरस रक्ताचा, त्याला कुळच नाही. हे सगळे एकाच माफिया खानदानातले. मुलं टाकून द्यायचं यंत्र चर्चनेच बनवलं. इटलीत आजही या आडनावाची लाज वाटते. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘अशा घरात मुलगी देण्याआधी दहादा विचार करा, तिला जन्मभर हेच आडनाव लावावं लागेल.’

एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण माझ्या भाचीचं लग्न नेपल्सच्या एका मुलाशी ठरलंय, त्याचं आडनाव हेच आहे, आणि नात्यातल्याच कुणीतरी हा मजकूर बरोबर हेरून माझ्या आईला पाठवला. आईचा फोन आला, “अगं, त्या मुलाला म्हणे घराणंच नाही. खरं का हे?” तिचा आवाज इतका पडलेला होता की हा मजकूर लिहिणाऱ्याला आणि पुढे ढकलणाऱ्याला एकदाच नीट उत्तर द्यायचं मी ठरवलं.

आधी अर्थ. लॅटिनमधल्या ‘एक्सपोझितुस’ या शब्दाचा अर्थ बाहेर ठेवलेला. टाकलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या नेपल्सच्या अनुन्त्सियाता या संस्थेत त्यांना हे आडनाव मिळत असे. एवढं खरं आहे, आणि ते नाकारायचं मला कारणही नाही. पण ‘बाहेर ठेवलेलं मूल’ आणि ‘अनौरस मूल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉरवर्डचा सगळा विखार याच जागी आहे.

अनुन्त्सियाताच्या भिंतीत एक पोकळ लाकडी पिंप बसवलेलं होतं. त्याला म्हणत ‘रुओता’, म्हणजे चाक. रस्त्यावरून मूल त्यात ठेवायचं आणि पिंप फिरवायचं, की मूल भिंतीच्या आत. आतल्या बाईला बाहेरचा चेहरा दिसत नसे. त्या चाकात कोणाची मुलं येत होती? लग्न न झालेल्या मुलींची येत, तशीच नवरा-बायकोचीही येत. दुष्काळात, आजारपणात, आईचं दूध आटलं की, घरात आधीच चार तोंडं असली की गरीब जोडपी मूल आत सरकवत. मिलानमध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टाकलेल्या मुलांत लग्नाच्या जोडप्यांच्या मुलांचा वाटा फार मोठा झाला होता. कित्येकजण मूल परत न्यायच्या आशेवर असत. फ्लॉरेन्सच्या इन्नोचेन्ती या अशाच संस्थेच्या संग्रहालयात मुलांच्या अंगावर सापडलेल्या खुणा जपून ठेवल्या आहेत. त्यांत मधोमध तोडलेली पदकं आहेत. अर्धं मुलाच्या अंगावर, अर्धं आईकडे. उद्या बरे दिवस आले तर दोन तुकडे जुळवून मूल ओळखता यावं म्हणून. ही पदकं ज्यांनी तोडली त्यांनी मूल ‘टाकून दिलं’ असं म्हणायचं?

आणि ज्या मुली खरोखर अविवाहित होत्या त्यांचं काय? डेव्हिड कर्टझर या अमेरिकन अभ्यासकाचं इटलीतल्या टाकलेल्या मुलांवरचं १९९३चं पुस्तक आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने त्याची दहा पानं जरी वाचली असती तरी त्याचा हात थांबला असता. कर्टझर यांनी दाखवलंय की अनेक ठिकाणी या मुलींना पर्यायच ठेवला जात नव्हता. सुईण, पाद्री आणि सरकारी यंत्रणा गरोदर मुलीवर नजर ठेवत आणि मूल जन्मलं की ते संस्थेत जाईल हे बघत. ते घरी ठेवायची इच्छा असली तरी ठेवू देत नसत. बोलोन्यासारख्या शहरात तर काहींना संस्थेतच राहून दुसऱ्यांच्या मुलांना पाजावं लागे. बदनामी आईच्या वाट्याला, आडनाव मुलाच्या वाट्याला, आणि बाप कुठेच नाही. अडीचशे वर्षांनंतर आपण त्याच मुलाच्या पणतूच्या पणतूला घराणं विचारतोय.

‘रक्ता’चा हिशेबही एकदा करून टाकू. दहा पिढ्या मागे गेलं की प्रत्येक माणसाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या १०२४ जागा असतात. आडनाव येतं त्यातल्या एकाकडून. उरलेल्या १०२३ जणांची चौकशी कोणी केली?

माफियाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या हजारो मुलांना जे आडनाव दिलं गेलं, ते एका खानदानाचं कसं असेल? फॉरवर्डमध्ये वर म्हटलंय यांना कुळच नाही, खाली म्हटलंय सगळे एकाच कुळाचे. लिहिणाऱ्याने निदान स्वतःचा मजकूर तरी सलग वाचायला हवा होता.

चर्च आणि यंत्राच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. अशा संस्था चर्चच्या आश्रयाने वाढल्या. चाकामुळे मूल सोडणं सोपं झालं ही टीका एकोणिसाव्या शतकात खुद्द इटलीतच जोरात होती, आणि नेपल्सचं चाक १८७५मध्ये बंद झालं. आत गेलेली फार मुलं पहिल्या वर्षातच दगावत, हेही लपवण्यासारखं नाही. पण चाकाआधी काय होत होतं? तान्ही मुलं नदीत, विहिरीत सापडत. हे वाचून नाक मुरडणाऱ्या मराठी माणसाने आपलं पुणं आठवावं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच कारणासाठी. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं आणि मूल जिवंत राहावं. तिथेच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला, शिकवला, डॉक्टर केला. तो फुले झाला. त्याला घराणं नव्हतं असं आज कोणी म्हणून दाखवावं!

नेपल्समध्येही लोकांनी या मुलांना ‘मादोन्नाची’, म्हणजे येशूच्या आईची, ‘लेकरं’ म्हटलं. नवस फेडायला यातलं एखादं मूल घरी आणून वाढवणारी कुटुंबं होती. कपाळी शिक्का बसतो हे तिथल्या राज्यकर्त्यांच्याही लक्षात आलं होतं. १८०८ ते १८१५ या काळात नेपल्सचा राजा असलेल्या म्यूराने टाकलेल्या मुलांना हे आडनाव द्यायला बंदी घातली. आजच्या इटलीत तर २०००च्या नागरी नोंदणी नियमांतच लिहिलंय की आई-वडील अज्ञात असलेल्या मुलाला त्याच्या जन्माची कहाणी उघड करणारं नाव किंवा आडनाव देता येणार नाही.

लाजेबद्दल म्हणाल तर काही घराण्यांनी स्पोझितोसारखे बदल केलेले दिसतात, हे खरं. पण रोस्सी, रुस्सो, फेरारी यांच्या पाठोपाठ इटलीत सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांत एस्पोझितो येतं, आणि नेपल्समध्ये ते पहिल्या क्रमांकावर आहे. लाज वाटणारं आडनाव इतके लोक पिढ्यान्‌पिढ्या दारावर लावत नाहीत. १८८९मध्ये इटलीच्या राणी मार्गेरितासाठी पिझ्झा केल्याची कथा ज्या राफाएले एस्पोझितोबद्दल सांगतात, तो याच शहरातला. (तसा पिझ्झा त्याआधीही होत होता म्हणतात, तो वाद वेगळा.) तत्त्वज्ञ रोबेर्तो एस्पोझितो नेपल्सचेच. मिलानमधलं कोलोम्बो हे आडनावही तिथल्या मोठ्या इस्पितळात टाकलेल्या मुलांना १८२५पर्यंत दिलं जायचं, कारण इस्पितळाचं चिन्ह कबुतर, म्हणजे इटालियनमध्ये ‘कोलोम्बो’, होतं. म्हणून कोलंबसला, ज्याचं इटालियन आडनाव कोलोम्बोच, कोणी अनौरस म्हणत नाही, कारण ते आडनाव दुसऱ्या घराण्यांचंही होतं.

राहिला शेवटचा, ठळक अक्षरांतला मुद्दा, ज्याने आईची झोप उडाली. तो सरळ खोटा आहे. इटलीत १९७५च्या कुटुंब कायद्यापासून बायकोला स्वतःचं आडनाव सोडावं लागत नाही. नवऱ्याचं हवं तर पुढे जोडता येतं, कागदपत्रांवर माहेरचंच राहतं. मुलांचं म्हणाल तर २०२२मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने बापाचंच आडनाव आपोआप लावण्याचा नियम रद्द केला. आता आई-वडिलांनी मिळून एकच निवडलं नाही तर मुलाला दोघांची आडनावं मिळतात, आणि कोणतं आधी ते दोघांनी ठरवायचं. हे आईला मी फोनवर सगळं वाचून दाखवलं. ऐकून ती म्हणाली, “मग आपलं कुलकर्णी आधी लावायला सांग.”