माळढोकासाठी गावाशी करार करा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याचा विषय निघाला की सोलापूरच्या आमच्या मित्रमंडळीत दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, माणसांचा वावर बंद केल्याशिवाय माळढोक परतायचा नाही. दुसरे म्हणतात, त्या पक्ष्यापायी आमच्या जमिनी अडकल्या. मला हा राग रास्त वाटतो. १९७९ साली अभयारण्य झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं आणि खासगी शेती आली, जमिनीच्या व्यवहारांना खीळ बसली. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर माळढोक म्हणजे सातबाऱ्यावरची पीडा, हे डोक्यात पक्कं बसलं होतं.

मी राहतो त्या जर्मनीत माळढोकाचा भाऊबंद, ग्रेट बस्टर्ड, शेतांतच जगतो. १९९७च्या सुमारास देशभरात ५७ पक्षी उरले होते, पुढे ते तीनशेवर गेले. तिथे शेतकऱ्याशी करार होतो. विणीच्या दिवसांत गवत कापायचं नाही, खत-फवारणी आवरायची आणि त्यापायी बुडालेलं उत्पन्न सरकारनं भरून द्यायचं. अर्थात करारानं सगळं भागत नाही. धोक्यातली अंडी उचलून उबवावी लागतात, कोल्ह्यांपासून राखायला कुंपणं घालावी लागतात.

शिवाय तिथे एकेका शेतकऱ्याकडे शेकडो हेक्टर, तर नान्नज-मार्डीकडे दोन-चार एकरांचे तुकडे. म्हणून आपल्याकडे करार गावाशीच हवा. २००२च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती दिली आहे. गावातल्या जीवसृष्टीची नोंद ठेवणं हे तिचं काम, पण पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही हरित लवादाची २०२०ची मुदत गाठायला घाईनं भरली गेली. माळावर मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या धनगरांना बसवून ती पुन्हा लिहा.

आणि पैसे कशाचे द्यायचे? ज्वारीचे. उजनीचं पाणी आलं तसा ऊस पसरला, आणि उसाच्या दाटीत माळढोक उतरत नाही. रब्बी ज्वारीचं रान पावसाळ्यात मोकळं असतं, आणि साधारण त्याच महिन्यांत मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. मालदांडी ज्वारी किंवा हरभरा करणाऱ्याला उसाच्या तुलनेत पडणारी तूट द्या.

नान्नजला पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, मग खर्च कशाला, असं कुणी म्हणेल. त्याच माळावर लांडगा आहे, काळवीट आहे, खोकड आहे. लांडग्यानं मेंढरू नेलं तर धनगराला त्याचे पैसे आठवड्यात मिळावेत, आणि ज्वारीचा पहिला हप्ता पेरणीआधी खात्यावर यावा. लोकसहभागाची सभा त्यानंतर घ्या.