झेल म्हणू नका, भो

आज भरीत पार्टीत मी ओरडलो. चांगलाच ओरडलो. कुणाला वाईट वाटलं असेल तर वाटू द्या, माफी मागायला ही पोस्ट लिहीत नाहीये.

बामणोदच्या बाजूला एका मित्राच्या शेतात जमलो होतो. कापूस वेचून झालेला, अर्ध्या शेतात पऱ्हाट्या अजून उभ्या, अर्ध्यातल्या उपटून त्यांच्याच जाळावर वांगी टाकलेली. बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मिरची-लसूण ठेचणं चालू. थंडीमुळे सातपुडा अगदी स्वच्छ दिसत होता. मित्राचा मुलगा, बारावीतला, नवा छोटा ड्रोन घेऊन आला होता. त्यानं मस्त उडवला, शेताचे शॉट घेतले, इथवर सगळं ठीक. मग उतरवायची वेळ आली. डाव्या हातात रिमोट, ड्रोन डोक्याच्या वर हातभर, आणि पठ्ठ्यानं उडी मारून खालून गपकन धरला. शेजारी त्याचा मित्र रील काढतोय. सगळ्यांच्या टाळ्या. "काय कॅच घेतला भो!"

मी हातातलं वांगं टाकून त्याच्या अंगावर धावून गेलो. पोरगं घाबरलं. मोठी माणसं माझ्यावरच नाराज. एक जण म्हणाला, "दादा, प्लास्टिकचा पंखा तो, खेळण्यातला. काय होतंय त्यानं?"

काय होतं ते माझ्या भाच्याचा उजवा हात बघून सांगा.

दोन वर्षं झाली. श्रावणातली कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचा सण, सोमवारचं विसर्जन, बोरी नदीचा काठ. ताईचं गाव तिथलंच. पावसानं मध्येच उघडीप दिली होती, बायका डोक्यावर कानबाई घेऊन नाचत नदीकडे निघालेल्या, आणि मी वरून शूट करत होतो. लग्नाच्या शूटिंगसाठी घेतलेला माझा ड्रोन, अडीचशे ग्रॅमच्या आतला. खाली सगळा काळा चिखल, उतरवायला वीतभर कोरडी जागा नाही. भाचा दहावीत होता. तो पुढे झाला, हात वर केला, ड्रोन पकडायला गेला आणि त्याच्या तर्जनीच्या पाठीवर, मधल्या पेराशी, पातं फिरलं. एका क्षणात. बोट सरळ करणारी शीर तुटली. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. जळगावला ऑपरेशन झालं, सहा आठवडे पट्टी, पुढे कितीतरी दिवस व्यायाम. ते बोट आजही पूर्ण सरळ होत नाही. पोरगं पेन मधल्या बोटात आणि अंगठ्यात धरून लिहितं. आणि म्हणे प्लास्टिकचा पंखा!

हां, एवढं मान्य करतो की हे छोटे ड्रोन बहुतेक वेळा ओरखड्यावर सोडतात. पाती मऊ असतात, दुमडतात. पण ती मिनिटाला हजारो फेरे घेत असतात, आणि बोटाच्या पाठीवर कातडीखाली मांस असं नसतंच. कातडी, लगेच शीर, लगेच हाड. स्वतःच्या बोटाला हात लावून बघा. आणि पातं डोळ्याला लागलं तर? पोरं तोंडासमोर धरतात, रीलमध्ये चेहरा यावा म्हणून!

माझा राग त्या 'कॅच' शब्दावरच आहे. झेल घेतात चेंडूचा. चेंडू हातात आला की गप्प बसतो. ड्रोन गप्प बसत नाही. आपण त्याला धरून ओढला, तिरका केला, तर त्याला वाटतं आपण वाऱ्यानं कलंडतोय, आणि सरळ व्हायला तो खाली गेलेल्या बाजूच्या मोटरी अजून जोरात फिरवतो. म्हणजे आपण जितकं घट्ट धरून झटापट करू तितकी पाती जास्त जोर करतात. पोटाखाली त्याचे सेन्सर असतात, जमीन किती लांब आहे ते बघणारे. खालून हात झपकन वर नेला की त्याला वाटतं जमीनच वर आली, आणि तो आणखी वर सरकतो. मग आपण उडी मारतो. भाच्यानं हेच केलं. हात वर नेला, ड्रोन वर गेला, यानं उडी मारली, डाव्या हातात एक पाय आला, ड्रोन कलंडला, मोटरी किंचाळल्या, आणि हा सावरायला दुसरा हात घालायला गेला. तोच हा उजवा हात.

म्हणून सांगतो, हात ड्रोनकडे न्यायचा नसतो. ड्रोन हातावर उतरवायचा असतो. झेलायचा नाही, उतरवायचा!

मी स्वतः आजही हातावर उतरवतो, लपवत नाही. आपल्याकडे दुसरं करणार काय? उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात चिखल, शेतात पऱ्हाट्यांचे खुंट, आणि नव्या काही मॉडेलांना तर पाय जवळजवळ नाहीतच, पोटावरच बसतात, गवतात पाती अडकलीच समजा. पण त्याची एक रीत आहे. ड्रोनची पाठ आपल्याकडे, कॅमेरा पलीकडे. डोळ्यांच्या थोडं वर आणि हातभर लांब, म्हणजे चेहऱ्यापासून दूर. वारा आपल्या पाठीवर घ्यायचा, म्हणजे झुळूक आली तर ड्रोन आपल्यापासून लांब जाईल, तोंडावर येणार नाही. अडथळे टाळणारे सेन्सर चालू असतील तर तो जवळच येत नाही आणि माणसं वैतागून त्याला ओढतात, तेव्हा ते आधी बंद करायचे. मग तो स्थिर उभा राहू द्यायचा. डाव्या हातात रिमोट, अंगठा डाव्या स्टिकवर, म्हणजे ड्रोन वर-खाली करणाऱ्या दांडीवर. उजवा तळवा सपाट, बोटं जुळवून पसरलेली, अंगठा आत. हळूच बाजूनं पोटाखाली न्यायचा, आणि तिथं हात दगडासारखा थांबवायचा. आता स्टिक खाली ओढायची आणि ओढूनच ठेवायची. तो आपोआप तळव्यावर बसतो. बसला म्हणून स्टिक सोडायची नाही. पाती पूर्ण थांबेपर्यंत अंगठा खालीच. थांबल्याशिवाय मूठ वळायची नाही.

मनगटात लोंबता गोफ नको, सैल हातमोजा नको, तो पात्यात ओढला जातो आणि बोट सोबत जातं. घट्ट बसणारा, कापला न जाणारा मोजा असेल तर चांगलंच. लग्नात तर फेट्याचा शेमला, ओढण्या, मोकळे केस, सगळंच वाऱ्यावर. आणि मांडवाखाली किंवा झाडाखाली, जिथं जीपीएस मिळत नाही, तिथं तो जागेवर उभा राहत नाही, सरकतो. संध्याकाळी अंधार पडला की पोटाखालच्या कॅमेऱ्यालाही जमीन दिसत नाही, तेव्हाही तेच. आपल्याकडे वरात निघते कधी? अंधारातच.

बॅटरीचं तर विचारूच नका. दहा टक्क्यांवर आली की तो स्वतःच उतरायला लागतो, तुम्ही म्हणाल तिथं नाही, तो आहे तिथं. खाली वऱ्हाडी. मग जो तो धरायला धावतो. तीस टक्के शिल्लक असतानाच खाली आणायचा, नवरदेवाचा मामा कितीही म्हणाला "अजून एक राउंड मारा".

मोठ्या ड्रोनला तर हात लावायचाच नाही. रेसिंगवाले, कार्बनच्या पात्यांचे, त्यांचं तर नावच नको. फवारणीच्या दहा लिटरच्या ड्रोनचा डेमो बघितला होता मी, नमो ड्रोन दीदी योजनेतल्या एक ताई चालवत होत्या. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं. उतरवताना त्यांनी आम्हा सगळ्यांना लांब हाकललं, सरपंचांनाही. कुणाची भीड नाही. मनात म्हटलं, हे शिकलेलं माणूस. आणि आमच्या छोट्या ड्रोनवाल्यांना काय? ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला पायलटचं लायसन लागत नाही. लायसन लागत नाही म्हणजे शिकायला लागत नाही असं कुणी सांगितलं?

आता पात्यांना पूर्ण जाळी असलेले, तळव्यावरूनच उडणारे आणि तळव्यावरच बसणारे ड्रोन निघालेत, डीजेआयचा निओ १३५ ग्रॅमचा आहे. पोरांना घ्यायचाच असेल तर असला घ्या. साध्याला जाळी वेगळी मिळते. वजन वाढतं, वाऱ्यात हलतो, बॅटरी लवकर जाते, हे खरंय. जाऊ दे की.

आणि लागलंच तर हळद भरू नका रे बाबांनो. त्या दिवशी बायकांच्या हातात पूजेची ताटं होती. "माय वं!" म्हणून एकीनं मूठभर हळद भाच्याच्या बोटात दाबली. माउलीची माया होती ती, तिला दोष देत नाही. पण डॉक्टरला ती सगळी धुऊन काढावी लागली आणि पोरगं ओरडत होतं. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरा, स्वच्छ कापडानं दाबून ठेवा, दहा मिनिटं उघडून बघू नका, हात छातीच्या वर धरा. मग बोट वाकवून, सरळ करून बघा. सरळ होत नसेल, किंवा टोकाला बधिर लागत असेल, तर जखम कितीही छोटी दिसो, त्याच दिवशी हाताच्या डॉक्टरकडे. धनुर्वाताचं इंजेक्शन तर घ्यायचंच.

एवढं लिहून झाल्यावर वरचं परत वाचलं. "भाचा पुढे झाला, हात वर केला" असं लिहिलंय मी. दोन वर्षं सगळ्यांना हेच सांगतोय.

तो आपणहून पुढे झाला नव्हता. बॅटरी संपत आली होती. रिमोट माझ्या हातात होता, मी वीस फुटांवर होतो, आणि मी ओरडलो, "पकड रे, पकड त्याले!" त्यानं मामाचं ऐकलं, एवढंच केलं. आणि ड्रोनचा पाय त्याच्या हातात आला तेव्हा माझा अंगठा स्टिकवर नव्हता, मी रिमोट एका हातात धरून त्याच्याकडे पळत होतो. मोटर बंद करणं माझ्याच अंगठ्यात होतं. रिमोट दुसऱ्याकडे असला की पकडणाऱ्याच्या हातात ते कधीच नसतं. दवाखान्यात ताईनं एकच विचारलं होतं, "तू तठेच व्हता ना, भाऊ?" मी हाव म्हटलं. आणि पुढं म्हटलं, त्यानं अचानक हात घातला.

आज त्या बारावीतल्या पोरावर मी एवढा का चिडलो, ते आता लिहिताना कळतंय. त्याची चूक होतीच, ते शब्द मागे घेत नाही. पण जेवणं झाल्यावर त्याला बाजूला घेतलं, त्याचाच ड्रोन परत उडवायला लावला आणि चार वेळा तळव्यावर उतरवून घेतला. पहिल्यांदा हात थरथरत होता, चौथ्यांदा दगडासारखा होता. हुशार आहे पोरगं. निघताना त्यानं विचारलं, "काका, त्याचं बोट आता सरळ होतं का?"

नाही म्हटलं.

ताई फेसबुकवर नाही. भाचा आहे, तो हे वाचेल आणि तिला दाखवेल. त्याच्या आधी माझ्या तोंडून तिच्या कानावर जायला पाहिजे. उद्या सकाळची पहिली एसटी पकडतोय.