धूर नाही, म्हणून निखारे खोलीत? शेकोटीच्या त्या मेसेजला उत्तर

गेले दहा-बारा दिवस पुण्यातल्या निम्म्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘बागेतली शेकोटी : खर्च शून्य, आरोग्य भरपूर’ असं त्याचं शीर्षक, खाली सात मुद्दे, आणि शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा’. माझ्याकडे तो तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता पुढे गेले. ही माझी चूक झाली. शनिवारी रात्री पाषाणला मावशीकडे गेले, तेव्हा त्यातला पाचवा मुद्दा माझ्या मावसबहिणीच्या पलंगाशेजारी मांडून ठेवलेला दिसला.

बहीण बाळंतपणाला माहेरी आली आहे, बाळ सव्वा महिन्याचं. आईनं दिलेले डिंकाचे लाडू पोचवायला मी साडेनऊला पोचले. अंगणातली शेकोटी विझत आली होती. आतल्या खोलीच्या खिडक्या घट्ट लावलेल्या, पडदे ओढलेले, आणि फरशीवर घमेल्यात लालबुंद निखारे. घमेल्याच्या एका बाजूला तुळशीची कुंडी, दुसऱ्या बाजूला पाण्याचं पातेलं. बहीण म्हणाली, “डोकं फार जड झालंय गं, मळमळतंय.” मावशी म्हणाली, “जागरणाचं पित्त आहे ते. आणि हे बघ, ऑक्सिमीटर लावून बघितलाय, ९८ आहे.”

बाळाला उचललं, बहिणीला व्हरांड्यात आणलं, खिडक्या उघडल्या आणि तसंच रुग्णालय गाठलं. रक्तात कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू, चढलेला निघाला. काही तास ऑक्सिजन दिला. दोघीही आता बऱ्या आहेत. मावशी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, माझ्यावर रागावून नव्हे, स्वतःवर. तिचा काय दोष? मेसेजमध्ये नासाचं नाव होतं.

म्हणून पाचवा मुद्दाच आधी घेते. बाकीच्या मुद्द्यांनी भाजेल, फरशी फुटेल. ह्यानं माणूस झोपेतून उठणार नाही.

मेसेज म्हणतो : ‘ज्वाळा विझल्या की निखाऱ्यांना धूर नसतो. ते घमेल्यात घेऊन खोलीत ठेवा. शेजारी तुळस किंवा स्नेक प्लांट आणि पाण्याचं भांडं ठेवल्यास विषारी वायू शोषला जातो, हे नासानं सिद्ध केलं आहे. बाळ-बाळंतिणीला ही ऊब अमृतासमान. खात्रीसाठी ऑक्सिमीटर लावा, ९५च्या वर असेल तर काळजी नाही.’

धुराचं आधी. धूर नाही हे खरं, आणि धोका नेमका तिथेच आहे. धुरानं डोळे चुरचुरतात, खोकला येतो, माणूस उठून दार उघडतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, घशाला टोचत नाही. आणि तो सगळ्यात जास्त निघतो तो निखाऱ्यांच्याच अवस्थेत. पुढच्या वेळी शेकोटी बसत आली की नीट बघा : निखाऱ्यांवर बारीक निळसर ज्योती नाचत असतात. तो कार्बन मोनॉक्साइडच जळत असतो. निखाऱ्यांच्या थरातून वर जाणारा कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कोळशाशी भिडून पुन्हा मोनॉक्साइड होतो, आणि वर ज्योत असली तर जळून जातो. त्या निळ्या ज्योती विझल्या की तोच वायू न जळता हवेत येतो. मेसेज नेमकी हीच वेळ साधून घमेलं आत न्यायला सांगतो.

शरीरात गेल्यावर हा वायू रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट चिकटपणे धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, मग गुंगी. आपल्याकडे डोकं दुखणं आणि मळमळणं म्हटलं की पहिला शब्द येतो ‘पित्त’. बाळंतीण म्हटल्यावर जागरणही आलंच. तान्हं बाळ तर काही सांगूच शकत नाही, आणि त्याचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, म्हणून त्याच्या रक्तात हा वायू लवकर चढतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत, त्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

आता नासा. १९८९ साली नासाचा एक अहवाल निघाला होता हे खरं आहे. बी. सी. वुल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान सीलबंद पेट्यांत कुंड्या ठेवून बेंझीन, फॉर्मल्डिहाइड आणि ट्रायक्लोरोएथिलीन किती कमी होतात ते मोजलं. त्याच्या काही वर्षं आधी त्यांनी कार्बन मोनॉक्साइडवरही प्रयोग केले होते. एवढं मी मान्य करते. पण पेटी बंद होती, वायू एकदाच आणि मोजून सोडलेला होता. तुमच्या खोलीत घमेलं तो रात्रभर नव्यानं सोडत राहतं.

आणि पेटीतला निष्कर्ष घराला लागू पडतो का, हेही तपासून झालं आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वेअरिंग या दोघांनी २०१९ साली बारा शोधनिबंधांतल्या १९६ प्रयोगांची आकडेमोड पुन्हा केली. हवेतल्या वायुरूप रसायनांच्या बाबतीत, इमारतीत एरवी हवा खेळल्यानं जेवढा फरक पडतो तेवढाच झाडांनी पाडायचा तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यांचं उत्तर आलं. मावशीची ती खोली दहा बाय बारा, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. अगदी कमीत कमी धरलं तरी ११० कुंड्या. तेही रंगातून, फर्निचरमधून निघणाऱ्या किरकोळ प्रमाणातल्या रसायनांसाठी. घमेलंभर निखाऱ्यांपुढे एक तुळस काय करणार? तुळशीबद्दल माझ्या मनात श्रद्धा आहे. ती अंगणात वृंदावनात राहू दे, तिच्यावर हे ओझं टाकू नका.

पाण्याच्या भांड्याला मात्र थोडा आधार आहे, पण भलताच. शेगडीनं खोलीतली हवा कोरडी पडते, म्हणून पाणी ठेवायची जुनी पद्धत आहे आणि त्या कामापुरती ती ठीक. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

ऑक्सिमीटरचं वाक्य ज्यानं लिहिलं त्याच्यावर मला सगळ्यात जास्त राग आहे. करोनापासून हे यंत्र घराघरांत आहे आणि लोकांचा त्यावर विश्वास आहे. पण बोटाला लावायचं साधं यंत्र दोन प्रकाशकिरणांनी रक्ताचा रंग पाहतं. मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही लालभडक असतं, त्याला ते ऑक्सिजननं भरलेलं रक्तच समजतं आणि ९८ दाखवतं. माणूस गुदमरत असताना ९८ दाखवतं! खरं कळतं ते रक्ताच्या तपासणीतून. खोलीत निखारे होते आणि कुणाचं डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आकडा बघत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, १०८ला फोन करा आणि ‘खोलीत कोळसा पेटलेला होता’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

मावशीनं शेवटचं अस्त्र काढलं : “अगं, आमच्या आईनं आम्हा सगळ्यांना शेक-शेगडी केली. आम्ही जगलो ना?” ह्यात अर्धं सत्य आहे, आणि ते मला नाइलाजानं द्यावं लागतं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची, ओवा-शेपांची धुरी असायची. पण ती खोली वाड्यातली होती. वर कौलं, कौलांखालून आभाळ दिसायचं, दाराच्या फळ्यांतून बोट जायचं. मावशीच्या आताच्या खोलीला अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत, कडेला रबर आहे, एसी बसवताना प्रत्येक फट सिलिकॉननं बुजवली आहे. आणि जुन्या काळी ज्या बाळंतिणी आणि बाळं गेली, त्यांच्या नावापुढे ‘कोळशाचा वायू’ असं कुणी लिहून ठेवलं नाही. खिडकी चार बोटं उघडी ठेवली तर? त्या भरवशावरही नाही. खोली गरम करायची तर विजेचा हीटर घ्या, पांघरुणापासून आणि पडद्यापासून लांब ठेवा. निखारे उंबऱ्याच्या आत येता कामा नयेत.

बाकीचे मुद्दे भरभर घेते.

‘जुना जस्ताचा टब किंवा बादली वापरा.’ नको. जस्ताचा मुलामा निखाऱ्यांनी तापला की त्याच्या वाफा निघतात, आणि त्या श्वासात गेल्या की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप ओळखीचा आहे. फॅब्रिकेटरकडून साध्या लोखंडाच्या तीन-चार मिलिमीटर जाड पत्र्याचं पसरट पात्र करून घ्या : फूटभर उंच पाय, तळाला पाणी जायला भोक, वर ठिणग्यांसाठी जाळीचं झाकण. मातीचं हवं असेल तर कुंभारवाड्यात सांगा, पण पावसाळाभर बाहेर राहिलेल्या मातीच्या शेगडीत पहिल्याच दिवशी मोठा जाळ केलात तर ती तडकणारच. तळाला वाळू घाला आणि पहिले दोन-तीन जाळ लहान ठेवा.

‘नदीतले गोल गोटे रचून कडं करा.’ नदीतल्या दगडाच्या भेगांत आणि छिद्रांत पाणी मुरलेलं असतं, तापल्यावर त्याची वाफ होते आणि दगड फुटतो. भट्टीच्या विटा घ्या. मेसेजनं न सांगितलेली गोष्ट अशी की, पुण्यातल्या बंगल्यांच्या अंगणात शहाबादी असते, आणि शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. आमच्या कोथरूडच्या अंगणात एकदा आम्ही थेट फरशीवर लाकडं रचली होती. पाऊण तासानं सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला आणि तळहाताएवढी खपली माझ्या नवऱ्याच्या खुर्चीच्या पायावर येऊन आदळली. तिथे एरवी आमचा मुलगा बसतो. सोसायटीच्या गच्चीवर तर मुळीच नको : खाली कोबा, शेजारी प्लास्टिकची टाकी, सोलरचे पाइप.

‘जुनं फर्निचर, प्लाय, खोकी, काहीही जाळा.’ प्लायच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. मालाच्या लाकडी पॅलेटवर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइडची प्रक्रिया झालेली आहे, ती हातसुद्धा लावू नका. बागेत छाटलेली कण्हेरही जाळू नका, तिचा धूरही विषारी. बांबूची बंद पेरं फटाक्यासारखी फुटतात. बाभूळ, सुबाभूळ, आंबा चालेल, पण वाळलेला. दोन ओंडके एकमेकांवर आपटा : वाळलेलं टणकन वाजतं, ओलं थप्प वाजतं.

‘ओलं लाकूड असेल तर वरून थोडं स्पिरिट ओता.’ हे वाक्य वाचून माझे हात थरथरले. जळत्या किंवा धुमसत्या शेकोटीवर स्पिरिट, पेट्रोल, रॉकेल, सॅनिटायझर, काहीही ओतायचं नाही. ज्योत धारेवरून बाटलीत शिरते, आणि स्पिरिटची ज्योत उजेडात दिसतही नाही. कापूर आणि नारळाच्या शेंड्या पुरतात. शेकताना नायलॉन-पॉलिस्टरच्या शाली नकोत, सुती किंवा लोकरी घ्या. भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, शाई, किसलेला बटाटा, तूप यांतलं काहीही लावू नका. शेकोटी घरापासून, मांडवापासून, झाडाच्या फांदीपासून किमान १० फूट लांब असावी, आणि वाळूची बादली हाताशी असावी. मावशीची शेकोटी आंब्याच्या बुंध्यापासून चार पावलांवर होती, खाली वाळलेला पाला.

‘धुरानं डास पळतात, हवा शुद्ध होते.’ डास थोडे लांब राहतात, हे खरं. हवा शुद्ध होते हे साफ खोटं. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर जात नाही, आडवा पसरतो आणि शेजारच्या दम्याच्या पेशंटच्या खिडकीत शिरतो. आणि शेकोटीच्या नावाखाली पालापाचोळा, कचरा पेटवणार असाल, तर राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली आहे, ५००० रुपये दंड आहे, मोठ्या प्रमाणावर जाळलात तर २५,०००.

सातवा मुद्दा राखेचा : ‘सकाळी राख झाडांना घाला.’ राखेत पालाश असतं, केळीला मूठभर घातली तर चांगलंच. पण राख अल्कधर्मी असते आणि आपली काळी माती बहुधा आधीच तशी असते, म्हणून दर आठवड्याला ओतू नका. आणि ‘सकाळी’ हा शब्द फार घाईचा आहे. रविवारी दहा वाजता मी पुन्हा पाषाणला गेले, तेव्हा आदल्या रात्रीची राख मावशीनं प्लास्टिकच्या टबात भरून पाल्याच्या ढिगाजवळ ठेवलेली होती. वरून पांढरी, गार. मी आंब्याची एक वाळकी काडी आत खुपसली आणि धरून ठेवली. थोड्या वेळात काडीच्या टोकाला धूर आला. मावशी बघत होती. तिनं काही न बोलता आतून पत्र्याचा जुना तेलाचा डबा आणला, आम्ही दोघींनी खुरप्यानं राख त्यात भरली, झाकण लावलं आणि डबा नळाजवळ ओल्या फरशीवर नेऊन ठेवला.