‘दोन दिवसांत टीपॉयचा रंग चिकट, सरळ फसवणूक’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

घरी जोडून रंगवायच्या आमच्या टीपॉयच्या किटवरचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. टीपॉय डुगडुगतो ही चूक आमचीच आहे. पाय कापले की चारही फरशीवर शेजारी शेजारी उभे करून उंची बघायची असते, ते त्या दिवशी राहून गेलं. माफ करा. नवीन पाय घेऊन आमचा माणूस उद्या येईल आणि बसवून देईल. त्याचे पैसे नाहीत.

पण रंगाचं मला नीट सांगू द्या. कपांचे गोल उमटले, वर्तमानपत्र चिकटलं, 2,850 रुपये पाण्यात गेले, ‘ही सरळ फसवणूक आहे’, असं तुम्ही लिहिलंत. प्रायमर कसा मारायचा हे विचारायला तुमचा फोन शनिवारी दुपारी 4 वाजता आला होता. रविवारी सकाळी 11 वाजता ऑइल पेंटचा दुसरा हात मारून झाल्याचा फोटो तुम्हीच पाठवलात. म्हणजे प्रायमर आणि रंगाचे दोन हात, सगळं मिळून 19 तासांत. तेही जुलैमध्ये, पुण्यात झड लागलेली असताना, खिडक्या बंद करून. संध्याकाळी 5 वाजता भिशीच्या मैत्रिणींसाठी त्यावर गरम चहाचे कप ठेवले गेले.

ऑइल पेंट नुसता वाळत नाही. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडतं, मग तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं. दमट हवेत याला जास्त वेळ लागतो. पहिला हात कच्चा असताना दुसरा मारला की वर साय धरते आणि खालचा रंग मऊच राहतो. बोट लावलं तर कोरडं वाटतं, कप ठेवला की गोल उमटतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत मोरपंखी रंगावर वर्तमानपत्राची अक्षरं उलटी छापली गेली आहेत, मथळासुद्धा वाचता येतो. पक्क्या रंगावर अशी शाई उमटत नाही हो मॅडम. डबा तोच आहे, जो आम्ही दुकानातल्या नमुन्याच्या टीपॉयला लावलाय, आणि त्यावर आम्ही रोज दोन वेळा चहा पितो.

खोक्यातल्या मराठी कागदावर चौथ्या मुद्द्यात लिहिलंय: प्रत्येक हातानंतर एक रात्र थांबा, पावसाळ्यात पूर्ण 24 तास, मधे 320 नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा, आणि शेवटच्या हातानंतर आठवडाभर वर गरम किंवा जड काही ठेवू नका. फोनवरही मी ‘घाई करू नका’ म्हणालो होतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘शनिवार-रविवारमध्ये तुमचा टीपॉय’ असं आहे, हे मात्र खरं. ते जोडणीपुरतं होतं. पुढच्या छपाईला त्यात काहीतरी बदल करू.

प्लायबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण पैसे पाण्यात गेले म्हणता म्हणून सांगतो. वरची फळी 18 मिमीची, आयएस 710 शिक्क्याची, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायची आहे. साधा कमर्शियल प्लाय घातला असता तर खोकं बरंच स्वस्त पडलं असतं. पण टीपॉयवर रोज पाणी सांडतं, ओलं फडकं फिरतं आणि कडेने प्लाय फुगतो. म्हणूनच सोबत कडांना भरायला लांबी (पुट्टी) देतो. भोकंही आधीच पाडून देतो, नाहीतर पायाच्या लाकडात स्क्रू घालताना ते चिरतं. दोन सुतार आणि मी, तिघांच्या हातचं काम आहे. हे काम आम्ही फसवायला काढलेलं नाही. काल रिव्ह्यू आल्यापासून दोन ऑर्डरी रद्द झाल्या.

टीपॉय वाया गेलेला नाही. रंग खरवडू नका. आठ-दहा दिवस पंख्याखाली मोकळा ठेवा. नखाने दाबल्यावर वण पडला नाही की 320 चा पेपर पाण्यात भिजवून गोल डाग सपाट करा, फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि एकच पातळ हात मारा. कडेला ब्रश नेताना रंग कमी घ्या, तिथेच ओघळ येतात. मोरपंखी रंगाचा छोटा डबा आणि दोन पेपर उद्या पायाबरोबरच पाठवतो.

एक स्टार दिलात तो राहू द्या. फक्त ‘फसवणूक’ हा शब्द काढता आला तर बघा.