दात्याचा मणका, भावाचं रक्त आणि ‘भेटू नका’चा सल्ला

लातूर-परभणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘ब्लड कॅन्सरला बोन मॅरो बदलायला लावतात. दात्याच्या मणक्यातून रस काढतात, तो जन्माचा वाकतो. सख्ख्या भावाचंच जुळतं. पेशी चढवल्या की पेशंट मोकळा. आणि आधी ट्रान्सप्लांट झालेल्यांना भेटू नका, मन खचतं.’

बोन मॅरो म्हणजे हाडांच्या आतला मगज, रक्त तिथेच तयार होतं. मणक्याला कुणी हात लावत नाही. बहुतेक वेळा दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, त्या मगजातल्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी रक्तात उतरतात आणि मशीनवर काही तास बसवून शिरेतून त्या वेगळ्या करतात. त्या दिवसांत हाडं ठणकतात, डोकं दुखतं, नंतर थांबतं. बोन मॅरो थेट काढायचा झालाच तर भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात, आणि तो पुन्हा भरून येतो.

जुळवतात त्या पेशींवरच्या, आईबापाकडून आलेल्या खुणा (HLA). सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी 25 टक्के. बहिणीचं का नको, हे मेसेजवाल्यालाच विचारा. आईबाप आणि लेकरं निम्मी जुळतातच, आणि आता निम्म्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट होतात. रक्तगट वेगळा असला तरी चालतं.

‘मोकळा’ म्हणणाऱ्याने वॉर्ड पाहिलेला नसावा. पेशी रक्तासारख्या बाटलीतून चढतात, तो दिवस सोपा. अवघड त्याच्या आधीची केमो आणि पेशी रुजेपर्यंतचे दोन-चार आठवडे. पुढे साधारण 100 दिवस हॉस्पिटलजवळच राहावं लागतं, कारण ताप आला तर सकाळची वाट पाहून चालत नाही. दात्याच्या पेशी पेशंटच्याच कातडीवर, आतड्यांवर, लिव्हरवर हल्ला करू शकतात. लहानपणच्या लसीसुद्धा पुन्हा घ्याव्या लागतात.

आता ‘भेटू नका’. सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. जालन्याकडच्या एका मावशींच्या लेकाचा ट्रान्सप्लांट झालाय. दुसऱ्या एका आईला त्या फोनवर सांगत होत्या, “केस आधीच बारीक करून ने बाई, उशीवर पुंजके बघून लेकरू जास्त रडतंय. दात दाखवून घे. तोंड येईल, थुंकीबी गिळवणार नाही, लगेच सिस्टरला सांग. आणि प्रसाद, घरचं दही घेऊन आलेल्या पाहुण्यांना दारातूनच लाव परत. वाईटपणा आपण घ्यायचा.” ऐकणारी रडली, हे खरं. पण रात्री वही घेऊन तिने डॉक्टरांसाठी प्रश्न लिहिले.

तरण्या पोरांचं तर वेगळंच. केमोने पुढे मूल न होण्याचा धोका असतो. वीर्य आधीच साठवून ठेवता येतं. बापासमोर डॉक्टरला हे विचारायची कुठल्या पोराची छाती होते? त्यातून गेलेला दादा असला की चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत विषय निघतो, आणि तोही केमो सुरू व्हायच्या आत.

एवढं मात्र पाळा: त्या दादाच्या गोळ्या, त्याचा डोस, त्याचे रिपोर्ट आपल्याला लावायचे नाहीत. आजार वेगळा, दाता वेगळा. औषधाचं डॉक्टरांना विचारा. खोली कुठे घ्यायची, सोबत कोण थांबणार, सुगीत रान कुणाच्या भरवशावर टाकायचं, हे त्याला विचारा. ओळखीत कुणी नसेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात चौकशी करा.