काकांची शुगर आणि माझी

आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा जुंपली आहे. दादा दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांत. वहिनी दिवेकरांची: दर दोन तासांनी थोडं थोडं. त्या धुमश्चक्रीत काकांची शुगर ३०० वर गेली, आणि दोन्ही पक्ष एक होऊन त्यांच्यावरच तुटून पडले. “तुमचा जिभेवर ताबाच नाही.”

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये बसून हे वाचताना डोकं फिरतं. मी लिहिलं, इथल्या माझ्या एका मित्राला मधुमेह निघाला तेव्हा जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, त्याला ‘डेस्मंड’ नावाच्या मधुमेहींसाठीच्या कोर्सला पाठवलं. कम्युनिटी सेंटर, आठ-दहा जण, बिनबिस्किटांचा चहा. नर्सनं पहिलं काय विचारावं? “तुम्हाला हा आजार कशामुळे झाला असं वाटतं?” एक गुजराती मावशी म्हणाल्या, “टेन्शन.” कुणी हसलं नाही. मग ज्यानं त्यानं आपल्याला झेपेल असं काहीतरी ठरवायचं. मित्रानं रात्रीच्या चार पोळ्यांच्या दोन केल्या. जमलं. अल्बर्ट बांडुरा हा मानसशास्त्रज्ञ १९७७ पासून हेच सांगत होता: ‘मला जमेल’ हा भरवसा उपदेशानं फारसा येत नाही. तो स्वतः करून पाहिल्यावर येतो, नाहीतर आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं बघून. काकांना ग्रुपवर काय मिळतं? लाज.

दादाचा लगेच टोला: “मग शुगर उतरते का त्या कोर्सनं?”

२००८ साली छापून आलेल्या, ८२४ रुग्णांवरच्या त्याच्या चाचणीत कोर्स केलेल्यांचं वजन इतरांपेक्षा जरा जास्त घटलं, धूम्रपान कमी झालं, आजाराची समज वाढली. पण वर्षाअखेर एचबीए१सीत, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरमध्ये, म्हणावा असा फरक नव्हता. हे मी दादाला कळवलं नाही. उलट इथं मधुमेहाच्या गोळ्यांना पैसे पडत नाहीत, दरवर्षी पाय तपासतात, असलं काहीबाही ऐकवलं. (तिकडे सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो, हेही गाळलं.)

आणि मित्र वगैरे कुणी नाही. मीच तो.

चार वर्षं झाली, मिरजेत कुणाला ठाऊक नाही. अनोळखी मावशींपुढे जे बोललो ते घरी बोलवत नाही. जे काकांना ऐकवतात तेच मलाही ऐकवतील. गेल्या दिवाळीत तिकडे गेलो तेव्हा मेटफॉर्मिनची गोळी न्हाणीघरात, नळ सोडून घेत होतो.

निघायच्या आदल्या रात्री काका ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. वर न बघता म्हणाले, “तुझी किती?”

एचबीए१सी इथल्या मापात ५८. त्यांना तिकडच्या टक्क्यांत सांगितलं, “साडेसात.”

“माझी नऊ,” म्हणाले, आणि सरकून जागा दिली.