श्रेयनामावली कशी टाळावी

गेम पूर्ण झाला? अभिनंदन! नोकरी सांभाळून, रात्री जागून एकट्यानं केलात, असं निदान सगळ्यांना सांगताय. आता आवरायची आहे ती फक्त श्रेयनामावली.

खरं तर ही तयारी डाऊनलोडच्या दिवशीच व्हायला हवी. फ्रीसाउंड या ध्वनी वाटणाऱ्या संकेतस्थळावरून गेमसाठी उतरवलेल्या फाईलच्या नावातच ध्वनीचा क्रमांक आणि तो टाकणाऱ्याचं खातं असतं. इतका पुरावा घरात ठेवू नये. ताबडतोब ‘पाऊस_फायनल_२’ असं बारसं करून टाका. सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर ‘अहो, आता कुठे आठवतंय!’ हे अगदी प्रामाणिकपणे म्हणता येतं.

परवाने वाचायच्या भानगडीत तर पडूच नका. वाचलेत की गोंधळ वाढतो. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे ‘सीसी’, या खुल्या परवान्यांत सीसी झिरो म्हणजे नाव न देताही चालतं. सीसी बाय म्हणजे वापरा, कापा, विका, फक्त करणाऱ्याचं नाव, परवाना, मूळ दुवा आणि काही बदललं असेल तर तसं, एवढं लिहा. पैशांऐवजी एक ओळ. पण ओळ म्हणजे काय कमी खर्च आहे? मोबाईलच्या स्क्रीनवर जागा नाही म्हणावं, तर हा सगळा तपशील एका पानावर ठेवून त्याचा दुवा दिला तरी चालतो, अशी सोय परवान्यातच करून ठेवली आहे. सबबीला जागाच ठेवत नाहीत ही माणसं. संगीतकार केविन मॅक्लाउड तर आपलं संगीत सीसी बायवर देतात आणि ज्यांना नाव छापणं जड जातं त्यांना वेगळा परवाना विकतही देतात. नाव नको, पैसेही नकोत, अशा तुमच्यासारख्या गरजूंसाठी मात्र तिसरी खिडकी अजून उघडलेली नाही.

परवान्याच्या नावात ‘एनसी’ दिसलं तरी घाबरू नका. व्यापारासाठी वापरू नये म्हणतात ना? मग तुमच्या गेमच्या चौदा प्रती खपल्या, त्यातल्या सहा नातेवाइकांनी घेतल्या, याला व्यापार कोण म्हणेल? विक्रीची किंमत लावली तेव्हा हेतू काय होता, हा प्रश्न वकिलांचा. ‘एनडी’ तर सोपंच. मूळ कृतीत बदल करू नका, एवढंच. तुम्ही कुठे बदल केलाय? फक्त राक्षस मरतो त्या दृश्याच्या तालावर ती सुरावट बसवलीत. हलत्या चित्राशी जुळवून संगीत लावलं की तेही रूपांतरच धरलं जाईल, असं परवान्यात स्पष्ट छापलंय. पण तिथवर वाचायचं नाही, असं आपलं आधीच ठरलंय.

तरीही नामावली रिकामी दिसू नये. संकल्पना, कथा, प्रोग्रामिंग, चित्रं, दिग्दर्शन – पाच वेळा तुमचं नाव. मग आई-बाबा, चहावाला, मांजर. लग्नपत्रिकेत ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या, अजून बोबडंही न बोलणाऱ्या बाळाचं नाव छापणारी माणसं आपण. माया कुठे कमी पडत नाही. ज्याच्या घरच्या दाराची करकर तुमच्या भुताटकीच्या वाड्यात पन्नास वेळा वाजते, तो मात्र बसतो ‘संगीत : इंटरनेटवरून साभार’ या ओळीत. इंटरनेटनं अजून तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

आणि एखाद्या दिवशी मेल आलीच, ‘तुमच्या वाड्याचं दार माझं आहे’, तर? सीसी बायच्या ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर अट मोडल्यानं गेलेला वापराचा हक्क आपोआप परत मिळतो. म्हणजे २९ दिवस शांत झोपायचं. तिसाव्या रात्री नाव घालायचं, तेही पार्श्वभूमीच्या रंगाशी मिळत्याजुळत्या अक्षरांत, आणि नव्या अपडेटच्या टिपणात लिहायचं : ‘किरकोळ दुरुस्त्या’.